चुकलेल्या इंग्रजीखालची बरोबर मराठी

संध्याकाळी साडेसहाला गोव्यात, फोंड्यातल्या माझ्या इंग्रजीच्या वर्गात माशेल, सावईवेरे, बोरी, शिरोडा अशा गावांतून माणसं येतात. हॉटेलच्या रिसेप्शनवर नुकतीच लागलेली मुलगी, कुंडईच्या कारखान्यात पाळीचा हिशेब ठेवणारा सुपरवायझर, मोपा विमानतळावरून पाहुणे आणणारा टॅक्सीवाला, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून आलेल्या दोन आया. बहुतेकांची गोष्ट एकच असते. पहिली ते चौथी मराठी शाळा, आणि मग पाचवीच्या जूनमध्ये एका दिवसात सगळे विषय इंग्रजीतून. मीही त्याच वाटेने आले. चौथीत मला परिमिती काढता येत होती. पाचवीत फळ्यावर ‘पेरिमीटर’ आला आणि मी गप्प बसले. ही तीच परिमिती, हे मला कुणी सांगितलंच नाही.

त्या वर्षापासून पुष्कळांच्या मनात एक समजूत घर करून बसते: आपलं इंग्रजी कच्चं, आपल्याला ते जमणार नाही. इतकी वर्षं शिकवल्यावर माझं मत अगदी वेगळं झालं आहे. तुमच्या चुकलेल्या इंग्रजी वाक्याखाली जवळजवळ नेहमीच एक बरोबर मराठी वाक्य असतं. ते वाक्य सापडलं की एका चुकीबरोबर तिची सगळी भावंडं एकदम दुरुस्त होतात. हा लेख त्याच रीतीने लिहिला आहे. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकाच्या क्रमाने न जाता आपल्या मराठीतल्या कुठल्या शब्दामुळे, कुठल्या प्रत्ययामुळे पाय घसरतो, त्या क्रमाने आपण जाऊ.

‘या वयात जमेल का हो बाई?’ असं विचारणाऱ्यांना मी थॉमस स्टीफन्सची आठवण करून देते. हा इंग्रज पाद्री 1579 साली गोव्यात उतरला तेव्हा तिशीच्या आसपास होता. इथे येऊन तो मराठी आणि कोकणी शिकला. त्याने मराठीत रचलेला हजारो ओव्यांचा ग्रंथ 1616 साली सासष्टीतल्या रायतूरला छापला गेला, आणि त्याचं कोकणीचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर 1640 साली. होडी ‘ती’, रस्ता ‘तो’ आणि घर ‘ते’ का, हे त्या इंग्रजाला एकेक नाम घेऊन पाठ करावं लागलं असणार. आपली वाट त्याच्या उलट दिशेची आहे आणि त्यामानाने सोपी आहे.

पहिली पायरी: तीन ओळींची वही

एक दोनशेपानी वही घ्या. दर चुकीला तीन ओळी. पहिल्या ओळीत तुम्ही बोललात ते इंग्रजी, जसंच्या तसं. दुसऱ्या ओळीत ते बोलताना मनात असलेलं मराठी वाक्य. तिसऱ्या ओळीत बरोबर इंग्रजी. घरी कोकणी बोलत असाल तर मधली ओळ कोकणीत लिहा, कारण मन ज्या भाषेत बोलतं तीच ओळ कामाची. ही मधली ओळ गाळायचा मोह फार होतो. ती गाळली की वही म्हणजे नुसती चुकांची यादी होते, आणि अशी यादी वाचून कुणी सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही.

पहिले आठ दिवस काहीच सुधारायचं नाही, फक्त पकडायचं. रोज दोन वाक्यं पुरेत.

दुसरी पायरी: ‘होतो’, ‘आहे’ आणि ‘पासून’

वह्या तपासताना सगळ्यात जास्त सापडते ती ही चूक. कुणी विचारतं, काल कुठे होतीस? मनात उत्तर तयार असतं: म्हापशाला गेले होते. तोंडून येतं: ‘आय हॅड गॉन टू म्हापसा.’ कोकणीतही तेच, ‘हांव काल म्हापशां गेल्लों’. आपल्याकडे ‘गेले होते’ म्हणजे गेले आणि काम आटोपून परत आले. एकाच घटनेला ते चालतं. इंग्रजीतल्या ‘हॅड गॉन’ला मात्र सोबत लागते. भूतकाळातल्या दोन घटना असतील तर त्यांपैकी आधी घडलेल्या घटनेला ‘हॅड’ लावायचं. ‘व्हेन आय रीच्ड द जेटी, द फेरी हॅड लेफ्ट.’ मी धक्क्यावर पोचले, त्याआधीच फेरीबोट सुटली होती. इथे ‘हॅड’ हवंच. पण तुम्ही नुसतं ‘आय हॅड गॉन टू म्हापसा’ म्हणालात की ऐकणारा पुढच्या घटनेची वाट पाहत राहतो. म्हणून ‘आय वेंट टू म्हापसा’ म्हणा. ‘आय हॅड टोल्ड हिम’, ‘वी हॅड मेट लास्ट वीक’, ‘आय हॅड कॉल्ड यू’ ही सगळी याच घरातली वाक्यं आहेत. बोलण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: दुसरी घटना कुठे आहे? ती नसेल तर ‘हॅड’ काढून टाका.

दुसरा शब्द ‘आहे’. ऑफिसात आपण सहज म्हणतो, मी काल मेल पाठवला आहे. मराठीत यात काहीच चूक नाही. इंग्रजीत ‘आय हॅव सेंट द मेल यस्टरडे’ चालत नाही. ‘हॅव’ घालून केलेलं वाक्य आत्ताशी नातं सांगतं, आणि ‘यस्टरडे’ ते नातं तोडतं. त्यामुळे एकतर ‘आय हॅव सेंट द मेल’, नाहीतर ‘आय सेंट द मेल यस्टरडे’. काल, परवा, गेल्या चतुर्थीला, 2019 साली असा संपून गेलेला काळ वाक्यात आला की ‘हॅव’ गळालाच पाहिजे. मुलाखतीत ‘आय हॅव पास्ड ट्वेल्फ्थ इन 2021’ म्हणणारी मुलं मी नेहमी ऐकते. ‘आय पास्ड’ म्हणायचं.

तिसरा ‘पासून’. मी पाच वर्षांपासून इथे काम करते. हे थेट उलटवलं की होतं ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ यात दोन चुका आहेत, आणि दोन्ही आपल्या एका ‘पासून’च्या पोटातल्या. सुरुवात कुठून झाली ते सांगायचं असेल तर ‘सिन्स’: सिन्स मंडे, सिन्स 2020, सिन्स चतुर्थी. किती काळ झाला ते मोजून सांगायचं असेल तर ‘फॉर’: फॉर फाइव्ह इयर्स, फॉर टू डेज. म्हणजे मराठीत ‘गेली’ लावता येत असेल, गेली पाच वर्षं, गेले दोन दिवस, तर ‘फॉर’. ‘गेली सोमवार’ म्हणता येत नाही, तिथे ‘सिन्स’. दुसरी चूक क्रियापदाची. काम तेव्हा सुरू झालं आणि अजून चालू आहे, म्हणून ‘आय हॅव बीन वर्किंग’. पूर्ण वाक्य: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’ हे वाक्य दहा वेळा मोठ्याने म्हणा. नोकरीच्या कुठल्याही मुलाखतीत ते लागतंच.

क्रियापदाच्या बाकीच्या तीन गोष्टी थोडक्यात. ‘आय डिड नॉट वेंट’ म्हणू नका. भूतकाळ ‘डिड’ने उचलला, तो परत ‘वेंट’च्या डोक्यावर ठेवायचा नाही, म्हणून ‘डिड नॉट गो’. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम नोइंग हिम’ ही चूक ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला माहीत आहे’ यांतल्या ‘आहे’मुळे होते. मालकी, ओळख, आवड, समज या चालू क्रिया नाहीत, त्यामुळे ‘आय हॅव’, ‘आय नो’. जेवण मात्र चालू क्रिया आहे, म्हणून ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर. आणि ‘तू येशील तेव्हा देईन’ यात आपण दोन्हीकडे भविष्यकाळ घालतो. इंग्रजीत ‘व्हेन’ आणि ‘इफ’च्या बाजूला तो येत नाही: ‘व्हेन यू कम, आय विल गिव्ह इट टू यू.’

जोडशब्दांचंही इथेच सांगते. मराठीत जरी आलं की तरी येतंच. म्हणून ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’ असं वाक्य होतं. इंग्रजीला दोघांपैकी एकच पुरतो. ‘ऑलदो’ ठेवा किंवा ‘बट’ ठेवा.

तिसरी पायरी: ‘-ला’ दिसला की थांबा

आपला ‘-ला’ फार उद्योगी प्रत्यय आहे. त्याला सांग, बाईंना विचार, पणजीला पोचलो, मामाला फोन केला. या प्रत्येक ‘-ला’ आणि ‘-ना’च्या जागी मन ‘टू’ घालतं आणि ‘आय टोल्ड टू हिम’, ‘आस्क टू मॅडम’, ‘वी रीच्ड टू पणजी’, ‘आय कॉल्ड टू अंकल’ तयार होतात. या चारांपैकी एकातही ‘टू’ नको. टेल, आस्क, रीच, कॉल, मीट, आन्सर ही क्रियापदं थेट माणसाला किंवा ठिकाणाला जाऊन भिडतात. उलट ‘से’ आणि ‘एक्सप्लेन’ यांना ‘टू’ लागतोच. ‘एक्सप्लेन मी’ चुकीचं, ‘एक्सप्लेन इट टू मी’ बरोबर.

‘घरी’मध्ये प्रत्यय आहे म्हणून ‘आय वेंट टू होम’ होतं. ‘होम’ इथे एकटाच जातो: ‘आय वेंट होम.’

‘विषयी चर्चा केली’मधून ‘डिस्कस्ड अबाउट’ येतो. ‘डिस्कस’मध्येच ‘विषयी’ आहे, ‘अबाउट’ काढा. ‘खोलीत शिरलो’मधून ‘एंटर्ड इन द रूम’, तिथे ‘इन’ काढा. ‘तिच्याशी लग्न’मधून ‘मॅरिड विथ हर’, तिथे लग्न झालेलं असेल तर ‘मॅरिड टू’. ‘माझ्यावर रागावला’मधून ‘अँग्री ऑन मी’, तिथे ‘अँग्री विथ मी’.

प्रवासाचं एक सांगते, कारण गोव्यात रोज लागतं. कदंब बसमध्ये, चोडणच्या फेरीबोटीत, विमानात, रेल्वेत, म्हणजे ज्यात उभं राहून चालता येतं त्या वाहनाला ‘ऑन’: ‘ऑन द बस’, ‘ऑन द फेरी’. कारमध्ये आणि टॅक्सीत वाकून शिरावं लागतं, तिथे ‘इन’. सगळीकडे नाही, पण बहुतेक ठिकाणी ही खूण कामी येते. स्कूटर आणि पायलट म्हणजे आपली मोटरसायकल टॅक्सी, यांच्यावर आपण बसतोच, तेव्हा तिथे ‘ऑन’ आपोआप येतं.

चौथी पायरी: अ, ॲन, द

मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे आपण एकतर ते सोडून देतो, नाहीतर भीतीपोटी सगळीकडे ‘द’ टाकतो.

‘अ’ की ‘ॲन’ या प्रश्नाला देवनागरी वाचणाऱ्यांकडे इतकं सोपं उत्तर आहे की मला शाळेत ते कुणी दिलं नाही याचं अजून वाईट वाटतं. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर असेल, अ, आ, इ, ए, ऑ यांपैकी काहीही, तर ‘ॲन’. व्यंजन असेल तर ‘अ’. बस. आवर, ऑनेस्ट, एमएलए, एक्स-रे, एफआयआर, एसएमएस, ओटीपी हे सगळे स्वराने सुरू होतात, म्हणून ‘ॲन आवर’, ‘ॲन एमएलए’, ‘ॲन ओटीपी’. युनिव्हर्सिटी, युरोपियन, युनिफॉर्म, यूपीआय पेमेंट हे ‘य’ने आणि वन-वे रोड ‘व’ने सुरू होतो, म्हणून सगळ्यांना ‘अ’. रोमन स्पेलिंग बघून शिकणारी मुलं इथे हमखास गोंधळतात. देवनागरी उच्चार लिहिते, त्यामुळे ती फसत नाही. फक्त एक जपा: आपल्याकडे ‘एक’ला ‘येक’ म्हणायची सवय आहे, ती इंग्रजीत नेऊन ‘येग’ करू नका. तो ‘एग’च, आणि ‘ॲन एग’.

‘द’साठी मनात विचारा: ऐकणाऱ्याला ‘कुठला?’ असं विचारावं लागेल का? लागेल तर ‘अ’, नाही लागणार तर ‘द’. ‘आय बॉट अ फिश. द फिश वॉज फ्रेश.’ पहिल्या वाक्यात कुठला तरी मासा, दुसऱ्यात तोच तो, आता दोघांना ठाऊक असलेला. गावांच्या आणि राज्यांच्या नावांना ‘द’ नाही: गोवा, पणजी, डिचोली. नद्यांना आणि समुद्रांना आहे: द मांडवी, द झुआरी, द अरेबियन सी. तळ्याला नाही: मये लेक. शाळेचं बारकाईने बघा. मूल शिकायला जातं तेव्हा ‘माय सन गोज टू स्कूल’. तुम्ही त्याच्या बाईंना भेटायला गेलात तर ‘आय वेंट टू द स्कूल’.

पाचवी पायरी: ‘काढणे’ आणि ‘रिमूव्ह’

शब्दांच्या चुकांचा राजा कोण, तर ‘काढणे’. फोटो काढ, तिकीट काढ, पैसे काढ, चप्पल काढ, रांगोळी काढ, दूध काढ, डुलकी काढ, चूक काढ, भांडण काढ. एवढ्या सगळ्या कामांना आपल्याला एक क्रियापद पुरतं. लहानपणी कुणीतरी शिकवलेलं असतं की काढणे म्हणजे ‘रिमूव्ह’. मग ‘शॅल आय रिमूव्ह युअर फोटो?’ असं विचारलं जातं आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या पाहुणीला वाटतं, माझा कुठला फोटो हा पुसून टाकतोय? ‘हॅव यू रिमूव्हड टिकेट?’ हे तर मी बसस्टँडवर कितीदा ऐकते.

इंग्रजीत यातल्या प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे. फोटो ‘टेक’ करतात. तिकीट ‘बाय’ किंवा ‘गेट’. बँकेतून पैसे ‘विथड्रॉ’, खिशातून ‘टेक आउट’. चप्पल ‘टेक ऑफ’. चित्र आणि रांगोळी ‘ड्रॉ’. गायीचं दूध काढणं हे नुसतं ‘मिल्क द काउ’. डुलकी ‘टेक अ नॅप’. चूक ‘फाइंड फॉल्ट’. भांडण ‘पिक अ क्वारल’. ‘रिमूव्ह’ला फक्त डाग, अडथळा, यादीतलं नाव अशी कामं ठेवा. वहीचं एक पूर्ण पान ‘काढणे’ला द्या आणि वर्षभर त्यात भर घालत राहा. दुसरं पान ‘लागणे’ला: भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, एक तास लागला, आग लागली. ‘इट टुक ॲन आवर’, ‘आय गॉट अ जॉब’, ‘आय ॲम हंग्री’, एकातही सारखा शब्द नाही. हे पान भरताना मराठी किती श्रीमंत आहे ते नव्याने कळतं, आणि मला वर्गातला तो तास सगळ्यात आवडतो.

याच जातीचे आणखी काही. ‘लाइट बंद कर’ म्हणजे ‘क्लोज द लाइट’ नाही, ‘टर्न ऑफ द लाइट’. दार ‘क्लोज’ होतं. ‘माझं डोकं दुखतंय’चं ‘माय हेड इज पेनिंग’ करू नका, ‘आय हॅव अ हेडेक’. ‘ताप आलाय’, ‘आय हॅव अ फीवर’. ‘लाइट गेली’, ‘द पॉवर इज आउट’. पाऊस ‘पडत’ नाही, ‘इट इज रेनिंग’. शिकणे आणि शिकवणे यांत आपल्याकडे एका ‘व’चा फरक, इंग्रजीत दोन वेगळे शब्द, ‘लर्न’ आणि ‘टीच’. ‘उसने’ आपल्याकडे घेतातही आणि देतातही. इंग्रजीत घेणाऱ्याचं ‘बॉरो’, देणाऱ्याचं ‘लेंड’. ‘कॅन आय बॉरो युअर पेन?’, ‘कॅन यू लेंड मी युअर पेन?’ ‘परवा’ दोन्ही दिशांना जातो, म्हणून बुकिंग घेताना नीट सांगा, ‘द डे बिफोर यस्टरडे’ की ‘द डे आफ्टर टुमारो’. किंवा सरळ तारीख सांगा.

सहावी पायरी: आदर कुठे ठेवायचा

व्याकरणाची चूक पाहुणा माफ करतो. इथली चूक मात्र त्याला उद्धटपणा वाटते, आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून नोकरी करणाऱ्यांनी ही पायरी सगळ्यात आधी पक्की करावी असं मी म्हणते.

मराठीत आदर क्रियापदाच्या शेवटी असतो. ‘पासपोर्ट द्या’ या वाक्यातला ‘द्या’ पुरेसा नम्र आहे. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोघांनाही ‘यू’, आणि ‘दे’, ‘द्या’ दोन्हींना ‘गिव्ह’. त्यामुळे ‘गिव्ह युअर पासपोर्ट’ म्हटलं की आपल्या ‘द्या’तला आदर वाटेतच सांडतो आणि समोरच्याला ‘दे’ ऐकू येतं. इंग्रजीत आदर वाक्याच्या सुरुवातीला ठेवावा लागतो: ‘कुड आय सी युअर पासपोर्ट, प्लीज?’ दुकानात आपण ‘बोला’, ‘सांगा’ म्हणतो ते किती आपुलकीने. त्याचं ‘टेल मी’ झालं की तो हुकूम होतो. तिथे ‘हाउ कॅन आय हेल्प यू?’ ‘काय पाहिजे?’साठी ‘व्हॉट डू यू वॉन्ट?’ नको, ‘व्हॉट वुड यू लाइक?’ ‘बसा’साठी ‘सिट’ नको, ‘प्लीज हॅव अ सीट.’ ‘थांबा’साठी ‘वेट’ नको, ‘कुड यू वेट अ मोमेंट, प्लीज?’ हॉटेलात काम करणाऱ्यांनी ही वाक्यं आरतीसारखी पाठ करावीत, विचार न करता ओठांवर यायला हवीत.

निरोपाचंही असंच. आपल्याकडे ‘जाते’ म्हणणं अशुभ, म्हणून आपण ‘येते हं’ म्हणतो. माझ्या एका विद्यार्थिनीने खोलीत टॉवेल ठेवून निघताना पाहुणीला ‘आय ॲम कमिंग’ म्हटलं. पाहुणी बिचारी दार उघडं ठेवून वाट पाहत राहिली. ‘इफ यू नीड एनिथिंग, प्लीज कॉल अस’, एवढं म्हणून निघायचं. आणि कुणी हाक मारल्यावर आपण ‘आले, आले’ म्हणतो, तेव्हा ‘आय केम’ नको, ‘आय विल बी राइट देअर.’

हो-नाहीचा घोळही मोठा. पाहुणा विचारतो, ‘हॅवन्ट यू रिसीव्ड माय बुकिंग?’ बुकिंग आलेलं नाही. मराठी मन म्हणतं: हो, नाही आलं. म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर. तोंडून निघतं ‘येस’, आणि पाहुणा निश्चिंत होतो. इंग्रजीतला ‘येस’ विचारणाऱ्याला उत्तर देत नाही, घडलेल्या गोष्टीला देतो. गोष्ट झाली असेल तर ‘येस’, झाली नसेल तर ‘नो’, प्रश्न कसाही विचारलेला असो. सवय होईपर्यंत नुसतं ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणूच नका, पूर्ण सांगा: ‘नो, वी हॅवन्ट.’

सातवी पायरी: ज्यांना ‘एस’ लावत नाहीत

हे पाठच करायचं. लगेज, फर्निचर, इन्फॉर्मेशन, ॲडव्हाइस, इक्विपमेंट, सीनरी. यांना अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही. मोजायचंच असेल तर ‘टू पीसेस ऑफ लगेज’. केस मराठीत अनेकवचनी, म्हणून ‘माय हेअर्स आर फॉलिंग’ येतं. डोक्यावरचे सगळे मिळून ‘हेअर’, एकवचनी: ‘माय हेअर इज फॉलिंग आउट.’ सूपमध्ये सापडलेला एक केस मात्र ‘अ हेअर’. ‘न्यूज’ एकवचनी, ‘पोलीस’ अनेकवचनी. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ नाही, ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’, कारण अनेकांतला एक.

आठवी पायरी: काय सुधारायचं नाही

आपल्याकडच्या इंग्रजीतलं सगळंच चूक नसतं. ‘प्रीपोन’ हा आपल्या देशात रुळलेला शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. ‘लाख’ आणि ‘कोटी’ भारतात सगळ्यांना कळतात. इथे चूक-बरोबरपेक्षा समोर कोण आहे ते बघायचं.

परदेशी पाहुण्याला ‘वन लाख’ कळणार नाही, त्याला ‘अ हंड्रेड थाउजंड’ सांगा. ‘झेरॉक्स’ऐवजी ‘फोटोकॉपी’. ‘हॉटेल’ म्हणजे आपल्याला भाजी-पाव मिळण्याचं ठिकाणही असतं, त्याच्यासाठी फक्त राहायची जागा. जेवायला पाठवत असाल तर ‘रेस्टॉरंट’ म्हणा. ‘कर्ड’ म्हटलं तर कदाचित दुसरंच काही समजेल, ‘योगर्ट’ म्हणा. भेंडी त्यांची ‘ओक्रा’. आपलं मटण बकऱ्याचं, ब्रिटिशांचं मेंढीचं, तेव्हा मेनू समजावताना ‘गोट’ हा शब्द घाला. वांग्याला आपण ‘ब्रिंजल’ म्हणतो, इंग्लंडमधला माणूस ‘ओबर्जिन’, अमेरिकेतला ‘एगप्लांट’. पण ‘ब्रिंजल’ म्हणताना लाजायचं काही कारण नाही. तो शब्द पोर्तुगीज ‘बेरिंजेला’वरून आला, आणि आंब्याचा ‘मँगो’सुद्धा इंग्रजीत गेला तो पोर्तुगीजांच्या तोंडून.

आपला ‘च’ इंग्रजीत ‘ओन्ली’ होऊन उतरतो: ‘आय ॲम फ्रॉम पोंडा ओन्ली.’ मित्रांत बोलताना तो राहू द्या, गोड वाटतो. अर्जात आणि मुलाखतीत मात्र काढा, तिथे इंग्रजी माणूस ‘च’चं काम आवाजावर जोर देऊन करतो. वाक्याच्या शेवटी येणारा ‘नो?’, म्हणजे आपला ‘ना?’, त्याचंही तसंच.

आता कामाला लागा

पहिले आठ दिवस फक्त वही. दुसऱ्या आठवड्यात ‘होतो, आहे, पासून’. तिसऱ्यात ‘-ला’. नोकरी लागली असेल तर सहावी पायरी उद्यापासूनच. एका आठवड्यात एकापेक्षा जास्त नव्या पायरीला हात लावू नका, बाकीच्या चुका होऊ द्या. रोज कामावर जाता-येता बसमध्ये दहा मिनिटं खिडकीबाहेर जे दिसेल ते मनातल्या मनात इंग्रजीत सांगा. पोदेर म्हणजे पाववाला सायकलवरून गेला, नुस्तेकान्नीने म्हणजे मासेवालीने टोपली उतरवली, शाळेची मुलं पुलावर थांबली. जिथे अडाल तिथे मराठीतला कुठला शब्द वाट अडवतोय ते वहीत लिहा.

सुरुवातीला ही पाच वाक्यं घ्या. प्रत्येकाखाली आधी मराठी ओळ लिहा, मगच दुरुस्त करा.

‘आय हॅड गॉन टू मार्केट यस्टरडे.’
‘शी इज लिव्हिंग इन पणजी सिन्स टू मंथ्स.’
‘आय विल टेल टू हिम व्हेन ही विल कम.’
‘प्लीज रिमूव्ह टू प्रिंट्स अँड गिव्ह.’
‘वी डिस्कस्ड अबाउट द लगेजेस.’

उत्तरं अशी: ‘आय वेंट टू द मार्केट यस्टरडे.’ ‘शी हॅज बीन लिव्हिंग इन पणजी फॉर टू मंथ्स.’ ‘आय विल टेल हिम व्हेन ही कम्स.’ ‘कुड यू प्रिंट टू कॉपीज, प्लीज?’ ‘वी डिस्कस्ड द लगेज.’ चौथ्या वाक्यात दोन पायऱ्या एकत्र आल्या आहेत, काढणे आणि आदर. ते चुकलं तर पाचवी आणि सहावी पुन्हा वाचा.